विकिपीडियावर लॉगिन आहे, कॉमन्सवर नाही: एका खात्याच्या अनेक कुरबुरी

मराठी विकिपीडिया, विकिस्रोत, विक्शनरी, विकिमीडिया कॉमन्स (चित्रांचा सामायिक साठा), विकिडाटा. या सगळ्या विकींना खातं एकच लागतं. एकदा लॉगिन केलं की सगळीकडे आपली ओळख पटायला हवी, आणि बहुतेक वेळा पटतेही. जिथे पटत नाही तिथले दोष मात्र ठरलेले असतात. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आला की महाविद्यालयांत संपादन कार्यशाळा भरतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच ‘सर, माझं होत नाहीये’ सुरू होतं. माणसं वेगळी, संगणक वेगळे, दोष तेच. म्हणून तपासणीचा क्रम इथे एकदाच मांडून ठेवतो.

आधी एक विनंती: लॉगिन होत नाही म्हणून लगेच ‘पासवर्ड विसरलात?’ दाबू नका. हा शेवटच्या काही उपायांपैकी एक आहे, पण जवळजवळ प्रत्येकजण सुरुवात तिथूनच करतो आणि मग मूळ दोष राहतो बाजूला.

लक्षणं

खालीलपैकी आपलं नेमकं कोणतं, ते ठरवा. ‘लॉगिन होत नाही’ या एका वाक्यात निदान सात-आठ वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात.

- विकिपीडियावर वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव दिसतं, पण कॉमन्स किंवा विकिस्रोत उघडलं की तिथे ‘लॉग इन करा’.
- नाव आणि पासवर्ड टाकला, पान क्षणभर हललं आणि परत तोच कोरा फॉर्म समोर. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही.
- ‘लॉगिन सत्रात अडचण आहे, खबरदारी म्हणून ही क्रिया रद्द केली आहे’ अशा अर्थाचा संदेश (सत्र म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा वेळ). याचाच भाऊबंद म्हणजे बराच वेळ लिहून झाल्यावर ‘प्रकाशित करा’ दाबताच सत्राची माहिती हरवल्याची सूचना.
- पासवर्ड चुकीचा आहे म्हणतं, आणि तोच पासवर्ड फोनवर चालतो.
- संपादन जतन झालं, पण इतिहासात तुमच्या नावाऐवजी ~२०२५ किंवा त्यापुढच्या सालाने सुरू होणारं आकड्यांचं नाव दिसतं.
- लॉगिन व्यवस्थित होतं, संपादन मात्र करू देत नाही.
- पासवर्ड बरोबर, तरी ईमेलवर आलेला कोड मागतं.
- कार्यशाळेची नोंद ठेवणाऱ्या डॅशबोर्डवर तुमच्याऐवजी शेजारणीचं नाव.

यातलं आकड्यांच्या नावाचं लक्षण फसवं असतं, कारण काही बिघडल्यासारखं वाटतच नाही. ते तात्पुरतं खातं असतं. लॉगिन न करता कोणी संपादन केलं की विकी आपोआप असं खातं बनवतो आणि ते ९० दिवस टिकतं. म्हणजे तुम्ही लॉगिन झालेलेच नव्हता. त्या नावावर गेलेली संपादनं नंतर तुमच्या खात्यावर वळवता येत नाहीत, तेव्हा पुढची ओळ लिहिण्याआधी थांबा आणि आधी लॉगिन करा.

आतून काय चालतं

कुकी म्हणजे संकेतस्थळाने ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती ज्या संकेतस्थळाने ठेवली, त्यालाच परत दाखवली जाते. मराठी, हिंदी, इंग्रजी विकिपीडिया हे सगळे ‘विकिपीडिया डॉट ऑर्ग’च्या छपराखाली आहेत, त्यामुळे त्यांच्यात लॉगिन सहसा टिकतं. विकिस्रोत, विक्शनरी, विकिडाटा यांचे पत्ते वेगळे. कॉमन्स आणि मेटा (सगळ्या विकींच्या समन्वयाचा विकी) ‘विकिमीडिया डॉट ऑर्ग’खाली येतात. विकिपीडियाने ठेवलेली कुकी विकिस्रोताला वाचता येत नाही, म्हणून मध्ये एक केंद्रीय ठिकाण लागतं. सध्या ते ‘ऑथ डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग’ आहे. लॉगिन तिथे होतं आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘हे कोण?’ म्हणून तिथेच विचारतं.

ही विचारपूस पडद्यामागे होते आणि नेमकी तीच अडते. जाहिरात कंपन्या एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माणसाचा माग काढतात तो अशाच त्रयस्थ कुकींनी, म्हणजे उघडलेल्या पानाच्या नव्हे तर दुसऱ्याच संकेतस्थळाच्या कुकींनी. त्यांना आवर घालायला सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या आणि फायरफॉक्सने २०२२ साली प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. जाहिरातवाल्यांसाठी लावलेल्या जाळ्यात आपलं केंद्रीय लॉगिनही अडकतं. यात ब्राउझरची चूक नाही आणि तुमचीही नाही.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: बिघाड *सगळ्या* संकेतस्थळांवर आहे की *काहींवरच*? एका ठिकाणी जरी तुमचं नाव दिसत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, खातं शाबूत आहे, आणि अडचण फक्त ओळख पोचण्याची आहे. पासवर्डला हात लावायचं कारणच उरत नाही.

फुकटातल्या तपासण्या

जिथे नाव दिसत नाही तिथे पान एकदा ताजं करा. तरी नाही दिसलं तर ‘लॉग इन करा’वर फक्त टिचकी मारा, काहीही टाइप न करता. केंद्रीय लॉगिन जिवंत असेल तर पान केंद्रीय पत्त्यावर जाऊन उलट्या पावली परत येतं आणि तुमचं नाव उमटतं. पासवर्ड मागतही नाही. पडद्यामागची विचारपूस ब्राउझरने अडवली असली तरी तुम्ही स्वतः टिचकी मारून गेलात की ती अडत नाही. ‘कॉमन्सवर लॉगिन नाही’ या तक्रारीतल्या निम्म्याहून अधिक इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

पासवर्डाची चौकट समोर आलीच, तर ॲड्रेस बार वाचा. लॉगिनचं पान आता केंद्रीय पत्त्यावर उघडतं, म्हणजे पत्त्याचा शेवट ‘विकिमीडिया डॉट ऑर्ग’ असा असतो. जुने सदस्य इथे दोन प्रकारे गोंधळतात. एक तर पत्ता बदललेला पाहून बनावट पान समजतात आणि मागे फिरतात. शंका घेणं चांगलंच, पण हा पत्ता खरा आहे. दुसरं म्हणजे ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवलेला असतो मराठी विकिपीडियाच्या पत्त्यासाठी, आणि नव्या पत्त्यावर तो आपोआप भरला जात नाही, किंवा भलताच जुना भरला जातो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जतन केलेल्या पासवर्डांची यादी असते. तिथे ‘विकि’ एवढं शोधा, जुन्या नोंदीतला पासवर्ड बघून नव्या पानावर हाताने टाका आणि नव्याने जतन करा. त्याच नावाच्या तीन-चार नोंदी सापडल्या तर शिळ्या काढून टाका. त्याच पुढे परत फसवतात.

आता एक तपासणी, जी वरवर लॉगिनशी संबंधितच वाटणार नाही. विकिपीडियावरचा चित्रं असलेला कोणताही लेख उघडा, समजा रायगडाचा. मजकूर दिसतो पण चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत का? लेखातली चित्रं ‘विकिमीडिया डॉट ऑर्ग’वरून येतात, आणि लॉगिनचं पानही तिथलंच. महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये (कोणती संकेतस्थळं उघडू द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेत) ‘विकिपीडिया’ला परवानगी असते, ‘विकिमीडिया’ हे नाव यादीत घालायचं राहून गेलेलं असतं. मग लेख वाचता येतात, चित्रं दिसत नाहीत, लॉगिन होत नाही आणि सगळे पासवर्डाच्या मागे लागतात. चित्रं गायब असतील तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या गाळा आणि सरळ नेटवर्कच्या भागाकडे जा.

कळफलक आणि नाव

मराठी लिहिणाऱ्यांचा हा खास दोष. इंग्रजीत लिहिलेल्या मदतीच्या पानांवर त्याबद्दल फारसं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पासवर्ड टाइप करताना फक्त ठिपके दिसतात. लेख लिहिताना कळफलक मराठीवर होता आणि तो तसाच राहिला, तर ठिपके तितकेच उमटतात, अक्षरं मात्र देवनागरी. काही मराठी कळफलकांवर आकडेसुद्धा देवनागरी पडतात. विंडोजमध्ये खाली उजवीकडे भाषेची खूण बघा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून पासवर्ड वाचून घ्या. नसेल तर नोटपॅडमध्ये टाइप करून पाहा आणि जतन न करता बंद करा. सार्वजनिक संगणकावर मात्र नोटपॅडचा उपाय नको.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला पासवर्ड कॉपी केला की शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते. नावापुढची मोकळी जागा विकी काढून टाकतो. पासवर्डापुढची तो पासवर्डाचाच भाग धरू शकतो. हाताने टाइप करा.

आता नाव. सदस्यनाव इंग्रजी अक्षरांत असेल तर फक्त पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, बाकीच्या अक्षरांत लहानमोठेपणा जसाच्या तसा लागतो. देवनागरी नावात भानगड निराळी. दिसायला एकच असलेलं अक्षर आतून दोन प्रकारे बनलेलं असू शकतं. ‘ॲ’ हे एक अखंड अक्षर आहे, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही तसंच दिसणारं अक्षर करता येतं. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. ‘वऱ्हाडी’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला ऱ्ह तर आणखी चकवतो. काही कळफलक तो ‘ऱ’ या अक्षरापासून करतात, काही साध्या ‘र’पुढे जोडणारं एक अदृश्य चिन्ह घालून करतात. विकीच्या सदस्यनावात ते अदृश्य चिन्ह चालत नाही. परिणाम असा की घरच्या लॅपटॉपवर उघडलेलं खातं महाविद्यालयातल्या दुसऱ्या कळफलकावरून टाइप केलं की ‘असं खातं नाही’ किंवा ‘नाव अवैध’. डोळ्यांनी कितीही पडताळलं तरी फरक दिसणार नाही.

यावर उपाय एकच: नाव टाइप करू नका. तुम्ही पूर्वी केलेलं एखादं संपादन शोधा, लेखाच्या इतिहासातून तुमचं नाव कॉपी करा आणि चौकटीत चिकटवा. संपादनच केलेलं नसेल तर खातं उघडताना आलेल्या ईमेलमधून घ्या.

आणखी एक प्रकार आहे, फार जुन्या सदस्यांचा. सामायिक लॉगिन सगळ्यांना २००८ मध्ये उपलब्ध झालं, पण त्याआधी प्रत्येक विकीवर खातं वेगळं असे, आणि एकाच नावाची दोन माणसं दोन विकींवर सुखाने नांदत. एप्रिल २०१५ मध्ये हा घोळ कायमचा मिटवला गेला. एका नावाला एकच मालक ठरला आणि बाकीच्यांच्या नावापुढे ~ हे चिन्ह आणि त्यांच्या विकीचं लघुनाव जोडलं गेलं. त्याआधीपासून गायब असलेला सदस्य आज परत आला आणि जुन्या नावाने आत जाता आलं नाही, तर आपल्या जुन्या संपादनांपुढे आज कोणतं नाव दिसतंय ते त्याने पाहावं.

घड्याळ

संगणकाची तारीख बघा. संगणक प्रयोगशाळांतल्या जुन्या यंत्रांत मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलेला असतो. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, मग ब्राउझरला सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध वाटतात आणि कुकींच्या मुदतीचाही गोंधळ होतो. तारीख-वेळ ‘आपोआप’वर टाका. उद्या परत मागे गेली तर सेल बदलायला हवा. सीआर २०३२ या क्रमांकाने कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, आणि बदलायचं काम प्रयोगशाळा सहायकाकडे द्या.

तसंच ब्राउझरचं वय. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ या आवृत्तीपाशीच थांबलेला आहे. अशा यंत्रावर तासभर डोकं खाण्यापेक्षा दुसरं यंत्र धरा.

कुठल्या ब्राउझरमध्ये आहात?

प्रश्न बावळट वाटेल, पण फोनवर हाच कळीचा असतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या दुव्याला बोट लावलं की पान त्या ॲपच्या पोटातल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. त्याच्या कुकी वेगळ्या. क्रोममध्ये केलेलं लॉगिन तिथे ठाऊक नसतं. तीन ठिपक्यांच्या मेनूतून पान खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. विकिपीडियाचं अधिकृत ॲप वापरत असाल तर त्याचं लॉगिनही ब्राउझरपेक्षा स्वतंत्र असतं. एकात आत असलात म्हणून दुसऱ्यात नसता.

यानंतर खाजगी (इनकॉग्निटो) विंडो उघडून लॉगिन करून बघा. इथे निकालाचा अर्थ नीट लावायला हवा. खाजगी विंडोत लॉगिन झालं तर नाव, पासवर्ड, खातं, नेटवर्क सगळं ठीक आहे आणि दोष तुमच्या नेहमीच्या विंडोतल्या शिळ्या कुकींत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. पण खाजगी विंडोत विकिपीडियावर लॉगिन झालं आणि कॉमन्सवर आपोआप झालं नाही, तर तो निकाल धरू नका. क्रोमची खाजगी विंडो त्रयस्थ कुकी मुळातच अडवते.

कुकी साफ करणं, पण बेताने

‘सगळी ब्राउझिंग माहिती पुसा’ हा सल्ला मी कोणाला देत नाही. त्याने बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडून माणूस बाहेर फेकला जातो आणि आपला प्रश्न सुटेलच असं नाही.

सेटिंगमध्ये कुकी आणि साइट डेटाची यादी उघडा, ‘विकि’ शोधा आणि विकिपीडिया, विकिमीडिया, विकिस्रोत, विक्शनरी, विकिडाटा या *सगळ्यांच्या* नोंदी एका बैठकीत पुसा. बहुतेकजण फक्त विकिपीडियाच्या पुसतात. मग केंद्रीय पत्त्यावरची जुनी कुकी तशीच राहते, नवी विकिपीडियावर येते, दोघींचं जमत नाही आणि ते ‘सत्रात अडचण’वालं प्रकरण सुरूच राहतं. पुसून झालं की ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, लॉगिनच्या पानावर ‘मला लॉगिन ठेवा’ची खूण करा (ती ३६५ दिवसांपर्यंत चालते) आणि लॉगिन करा. खूण केली नाही तर ब्राउझर बंद केल्यावर किंवा काही वेळाने बाहेर पडणं हा दोष नाही, नियमच आहे. सार्वजनिक संगणकावर अर्थातच खूण करायची नाही.

तरीही फॉर्म परत परत येत असेल तर जाहिरात अडवणारी आणि माग रोखणारी एक्स्टेन्शन्स विकिमीडियाच्या पत्त्यांपुरती बंद करा. एकेक बंद करून पाहा, म्हणजे गुन्हेगार कळेल. ‘ब्राउझर बंद करताना कुकी पुसा’ हे सेटिंग कोणी लावून ठेवलंय का तेही बघा. प्रयोगशाळांत ते मुद्दाम लावलेलं असतं आणि योग्यच असतं. तिथे रोज नव्याने लॉगिन करायचं.

जाता जाता, लॉगआउटबद्दल. एका विकीवरून बाहेर पडलात की सगळ्या विकींवरून बाहेर पडता. प्रयोगशाळेत लॉगआउट केल्यावर खिशातल्या फोनवरचं लॉगिनही गेल्याचं मी पाहिलेलं आहे. तेव्हा ‘आपोआप लॉगआउट होतं’ या तक्रारीत आधी विचारा, काल दुसरीकडे कुठे बाहेर पडला होतात का?

डॅशबोर्डवर दुसऱ्याचं नाव

कार्यशाळेची नोंद ठेवायला जो डॅशबोर्ड वापरतात, तो विकीच्या खात्याने आत घेतो, पण त्याचं सत्र स्वतःचं असतं. सकाळच्या तुकडीतल्या मुलीने विकिपीडियावरून लॉगआउट केलं, डॅशबोर्डवरून केलंच नाही. दुपारी त्याच यंत्रावर बसलेला मुलगा विचारतो, “सर, मी लॉगिन केलंय, मग इथे हिचं नाव कसं?” विकिपीडियावर तो स्वतः आहे, डॅशबोर्डवर ती आहे. क्रम असा ठेवा: आधी डॅशबोर्डवरून बाहेर पडा, मग विकिपीडियावरून, मग विकिपीडियावर स्वतःच्या नावाने आत या, आणि शेवटी डॅशबोर्ड उघडून परवानगी द्या. परवानगीच्या पानावर कोणाचं नाव लिहिलंय ते वाचल्याशिवाय ‘अनुमती’ दाबू नका. विकीच्या खात्याने चालणाऱ्या इतर साधनांनाही हाच क्रम लागू आहे.

नेटवर्क

फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याच संगणकावर परत बघा. दोन मिनिटांचं काम, पण त्यातून संगणक निर्दोष की नेटवर्क निर्दोष ते कळतं. हॉटस्पॉटवर चाललं तर महाविद्यालयाच्या सिस्टम ॲडमिनला सांगा की ‘विकिमीडिया डॉट ऑर्ग’ आणि त्याखालचे सगळे उपपत्ते खुले हवेत. फायरवॉल बायपास करायची ॲपं टाकू नका. व्हीपीएनवरून (दुसऱ्याच पत्त्याआडून इंटरनेट वापरायच्या सोयीवरून) संपादन बहुधा अडवलेलंच असतं, त्यामुळे एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडाल.

‘लॉगिन होतं पण संपादन होत नाही’ हे प्रकरण इथलंच. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवर जोडणी ओळखायच्या क्रमांकामागे) बसवतात. त्यांतल्या कोणी उपद्रव केला की तो पत्ता किंवा पत्त्यांची अख्खी रांग प्रतिबंधित होते आणि तुमचा काही संबंध नसताना तुम्ही अडकता. व्हीपीएन, ब्राउझरमधली फुकट ‘सुरक्षा’ किंवा आयफोनवरची प्रायव्हेट रिले सुरू असेल तर ती बंद करा. तरीही प्रतिबंधाचा संदेश आला तर तो पूर्ण वाचा. त्यात प्रतिबंधाचा क्रमांक आणि कारण दिलेलं असतं. तो क्रमांक टिपून ठेवा, पुढे लागेल.

आणि कार्यशाळेत एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्याचं ‘लॉगिन होत नाही’ म्हणजे मुळात त्याचं खातंच तयार झालेलं नाही. त्याला मोबाइल डेटावरून उघडायला सांगा. मोठी कार्यशाळा असेल तर ही मर्यादा तेवढ्यापुरती शिथिल करून घेता येते, पण त्यासाठी पुरेसे दिवस आधी अर्ज करावा लागतो. सगळ्यांनी खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून आणणं हे त्याहून सोपं.

कोड मागतो तेव्हा

नव्या यंत्रावरून किंवा अनोळखी ठिकाणाहून लॉगिन केलं की पासवर्ड बरोबर असूनही ईमेलवर पाठवलेला कोड मागितला जाऊ शकतो. हा बिघाड नव्हे. अडचण एवढीच की खात्याशी जोडलेला ईमेल पत्ता कुठला, हेच अनेकांना आठवत नाही. स्पॅमचा कप्पाही बघा. संस्थेच्या नावाने एकच खातं उघडून पाचजण वापरतात तिथे तर हमखास तमाशा होतो: कोड जातो प्राचार्यांच्या ईमेलवर आणि प्राचार्य असतात मीटिंगमध्ये. एका माणसाला एक खातं, हाच त्यावर इलाज.

द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाखेरीज फोनमधला कोडही मागणारी) चालू असेल आणि ॲपमधला कोड दर वेळी नाकारला जात असेल तर फोनची वेळ आपोआपवर आहे का ते बघा. हे कोड वेळेवरून तयार होतात आणि अर्ध्या मिनिटात बदलतात. फोनच हरवला असेल तर सुरुवातीला दिलेले राखीव कोड शोधा.

आता पासवर्ड

एवढं सगळं करूनही प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक नेटवर्कवर ‘पासवर्ड चुकीचा’च येत असेल, तर मात्र तो बदला. त्याआधी आंधळेपणाने प्रयत्न करत राहू नका. लागोपाठ पाच वेळा चुकलं की पाच मिनिटं दार बंद होतं, आणि त्या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही. त्यातून माणसाची खात्रीच पटते की आपल्याला पासवर्ड आठवत नाहीये.

बदलाची विनंती केली की तात्पुरता पासवर्ड ईमेलवर येतो. तो सात दिवस चालतो, आणि २४ तासांच्या आत दुसरी विनंती केली तर नवी ईमेल येत नाही. म्हणून एकदाच दाबा आणि वाट बघा. ‘ईमेल पाठवली आहे’ अशा धाटणीचा संदेश खातं नसलं तरी दिसतो, कारण कोणाचं खातं आहे की नाही हे परक्याला कळू द्यायचं नसतं. म्हणजे ईमेल आलीच नाही तर बहुधा नाव चुकलंय किंवा खात्यात ईमेल पत्ता नोंदवलेलाच नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला हाक मारायची

तुम्ही न केलेली संपादनं तुमच्या नावावर दिसली, तर तिथेच थांबा. त्या यंत्रावरून परत लॉगिन करू नका. दुसऱ्या, भरवशाच्या यंत्रावरून पासवर्ड बदला आणि लगेच प्रचालकांना (विकीची देखरेख करणाऱ्या सदस्यांना) कळवा. बदलता येत नसेल तर नुसतं कळवा.

फायरवॉल, संगणकावर लादलेली सेटिंग्ज आणि तो सेल ही सिस्टम ॲडमिनची कामं. स्वतः हात घालू नका.

फक्त मराठी विकिपीडियावरचा प्रतिबंध असेल तर तिथल्या प्रचालकांना विचारा. चावडीवर (सामायिक चर्चेच्या पानावर) लिहिता येत नसेल तर स्वतःच्या चर्चापानावर लिहा, प्रतिबंधित सदस्याला ते पान सहसा खुलं असतं. ‘खातं कुलूपबंद आहे’ असा संदेश आला, किंवा आयपी प्रतिबंध जागतिक असल्याचं लिहिलं असलं, तर मराठी प्रचालकांच्या हातात काही नाही. ते काम मेटा विकीवरच्या स्टुअर्डांचं, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांचं. द्विस्तरीय पडताळणीचा फोनही गेला आणि राखीव कोडही गेले, तर विकिमीडिया फाउंडेशनच्या ट्रस्ट अँड सेफ्टी विभागाला लिहावं लागतं.

कोणालाही लिहिताना एवढं द्या: सदस्यनाव (कॉपी करून), कोणत्या संकेतस्थळावर चालतं आणि कोणत्यावर नाही, संदेशाचे शब्द जसेच्या तसे, प्रतिबंधाचा क्रमांक, ब्राउझरचं नाव, आणि हॉटस्पॉटवर काय झालं. पासवर्ड किंवा कोड कोणालाही देऊ नका. प्रचालकांना तो दिसत नाही आणि लागतही नाही.

पासवर्ड विसरलात, खात्यात ईमेल पत्ता नाही आणि कोणत्याही यंत्रावर लॉगिन शिल्लक नाही, अशी तिन्ही जुळून आली तर खातं परत मिळत नाही. अर्ज-विनंत्यांत दिवस घालवू नका. नवं खातं उघडा, त्यात ईमेल पत्ता घाला, त्याची खातरजमा करा आणि नव्या सदस्यपानावर ‘माझं आधीचं खातं अमुक’ अशी एक ओळ टाका.